ती लाल सायकल कोणाची?

इंग्रजी बोलण्याच्या परीक्षेला बसणाऱ्या आपल्या मुलामुलींकडे सध्या एक लाल सायकल आहे. दहाव्या वाढदिवसाला वडिलांनी घेऊन दिलेली. रोज संध्याकाळी ती घेऊन ही मुलं मित्रांसोबत बागेत जात आणि तोंडावर वारा आला की त्यांना पाखरासारखं मोकळं वाटे. अमरावतीच्या वलगाव रोडवरचा मुलगा हेच सांगतो, अकोल्याच्या बैदपुऱ्यातली मुलगी हेच सांगते आणि मूर्तिजापूरहून रेल्वेने येणारा तिसराही हेच. ज्या घरांत वाढदिवसाला फार तर शिरखुर्मा होतो आणि ज्या मोहल्ल्यात बाग म्हणजे कब्रस्तानातली चार झाडं, तिथून ही बाग आणि ही लाल सायकल आली कुठून?

ती आली क्लासच्या छापील नोट्समधून आणि मोबाइलवरच्या व्हिडिओंमधून. मी अकोल्यात रविवारी सकाळी काही मुलांकडून बोलण्याची तयारी करून घेतो. फी नाही, बोर्ड नाही. कोणी नर्सिंग केलेलं आहे, कोणी फार्मसी, कोणी इंजिनीअर होऊन दोन वर्षं घरी बसलेला. बहुतेक जण आधी कुठल्या ना कुठल्या क्लासला पैसे भरून आलेले असतात आणि सोबत ही सायकल घेऊन येतात. ती सोडवणं हेच माझं पहिलं काम होऊन बसलं आहे.

परीक्षा काय आहे, हे आधी थोडक्यात सांगतो, कारण अनेक पालकांना ते कोणी नीट सांगत नाही. नाव आयईएलटीएस. आपल्याकडे सगळे ‘आयल्ट्स’ म्हणतात. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियाला शिकायला किंवा नोकरीला जायचं तर बहुतेक वेळा ती द्यावी लागते. ब्रिटनमध्ये परिचारिका म्हणून नोंदणी करायची असेल आणि ही परीक्षा दिली असेल, तर ऐकणं, वाचणं आणि बोलणं या तिन्हींत ७ आणि लिहिण्यात ६.५ बँड लागतो. बोलण्याची परीक्षा ११ ते १४ मिनिटांची. समोर एक परीक्षक, आणि सगळं रेकॉर्ड होत असतं. पहिली चार-पाच मिनिटं घर, गाव, सवयी असे साधे प्रश्न. मग एक कार्ड हातात देतात. एक मिनिट विचार करायचा आणि त्यावर एक ते दोन मिनिटं बोलायचं. शेवटची चार-पाच मिनिटं त्याच विषयाच्या आजूबाजूची चर्चा. सायकल बहुधा पहिल्या भागात येते. लहानपणी तुमच्याकडे सायकल होती का? आता चालवता का? तुमच्या गावात लोक सायकल चालवतात का?

गुण चार गोष्टींना, चारही सारख्या वजनाच्या: बोलण्याचा ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार. बालपण किती सुखात गेलं, असा रकाना या चारांत नाही. सायकल नवी होती की गंजलेली, याला गुण नाहीत. सायकल नव्हतीच, असं सांगितलं तरी गुण कापले जात नाहीत. खरं तर खोटं बोललं तरी कापत नाहीत, कारण परीक्षक तुमच्या घरी चौकशीला येणार नाही. म्हणून ‘खोटं बोलू नका’ हा उपदेश मी मुलांना करत नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. उसन्या सायकलवर बसून चांगलं इंग्रजी बोलता येत नाही, आणि स्वतःचं घर लपवायची सवय मात्र लागते.

एका मुलाचं उदाहरण सांगतो. त्याने लाल सायकलचं उत्तर न अडखळता म्हटलं. परीक्षक विचारेल तसा मी पुढचा प्रश्न टाकला, सायकल कोणत्या प्रकारची होती? तो थांबला. नोट्समध्ये तेवढंच होतं. छत, पंखा, माझा चेहरा, सगळीकडे पाहून झालं आणि शेवटी तो म्हणाला, “व्हेरी गुड सायकल, सर.” आधीचं वाक्य पुस्तकातलं आणि हे वाक्य त्याचं. दोन्हींमधलं अंतर कोणाही परीक्षकाला दोन सेकंदांत कळतं. गुणदानाचे निकष जाहीर आहेत. त्यात पाठ केलेल्या वाक्यांचा उल्लेख येतो तो अगदी खालच्या पायऱ्यांवर.

मी इंग्रजी बाजूला ठेवून विचारलं, “अब्बू क्या करते बेटा?” तो हळू आवाजात म्हणाला, “पंक्चर का दुकान है सर. वो तो नहीं बोलना ना?”

‘वो तो नहीं बोलना ना’ या चार-पाच शब्दांत काय आहे, हे वाचकांना वेगळं सांगायला नको. ‘पंक्चरवाला’ हा शब्द समाजमाध्यमांवर आपल्या माणसांना हिणवण्यासाठी कसा वापरला जातो, हे आपली मुलं रोज मोबाइलवर वाचतात. हातांनी काम करून पोरांना शिकवणाऱ्या बापाचा धंदा शिवीसारखा फेकला जातो आणि मग इंजिनीअर झालेला मुलगा इंग्रजीत बोलताना त्या बापाच्या दुकानाचं शटर ओढून घेतो. मुलगा वाईट नाही. त्याला कोणीतरी शिकवलं आहे की चांगलं इंग्रजी म्हणजे चांगल्या घरचं इंग्रजी.

आता शब्दसंपत्तीकडे पाहू. चारांतला एक भाग शब्दांचा आहे. वयाच्या आठव्या वर्षापासून शाळा सुटली की दुकानावर बसणाऱ्या या मुलाला सायकलचा एकेक भाग ठाऊक आहे. रिम, हब, स्पोक, चेन, पेडल, ब्रेक, व्हॉल्व्ह, ट्यूब, पॅच, सोल्यूशन. हे सगळे इंग्रजी शब्द आहेत आणि ते त्याच्या जिभेवर पहिल्यापासून आहेत. जे थोडे आपले आहेत त्यांना जोडी लावून दिली की झालं. छर्रे म्हणजे ‘बॉल बेअरिंग्ज’. पान्हा म्हणजे ‘स्पॅनर’. चाकाचा आऊट काढणं म्हणजे ‘ट्रूइंग द व्हील’. ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवून बुडबुडे कुठून येतात ते पाहायचं, तिथे कानस घासायची, सोल्यूशन लावून जरा सुकू द्यायचं, मग पॅच दाबायचा. हीच कृती ‘फर्स्ट’, ‘देन’, ‘वन्स इट इज ड्राय’ असे जोड लावून सांगितली, तर कार्डावरच्या दोन मिनिटांचं उत्तर तयार होतं. घरातल्या माणसाकडून शिकलेलं एखादं कौशल्य सांगा, असं कार्ड आलं तर त्याच्याइतकं सांगण्यासारखं त्या दिवशी परीक्षेला बसलेल्या कितीजणांकडे असेल?

पंधरा दिवसांनी त्याने त्याच प्रश्नाचं दिलेलं उत्तर असं होतं: “नॉट वन. अबाउट ट्वेंटी, बट नन ऑफ देम वॉज माइन. माय फादर रिपेअर्स बायसिकल्स, सो आय लर्न्ट टु राइड ऑन हिज कस्टमर्स बाइक्स. समबडी हॅड टु टेस्ट द ब्रेक्स.” म्हणजे, एक नव्हे, वीसेक होत्या, पण माझी एकही नव्हती. अब्बू सायकली दुरुस्त करतात, म्हणून मी गिऱ्हाइकांच्या सायकलींवर शिकलो. ब्रेक कोणीतरी तपासायला हवेच होते. यात एकही अवघड शब्द नाही. तरी भूतकाळ नीट आहे, वर्तमानकाळ जिथे हवा तिथे आहे, आणि शेवटच्या वाक्यावर ऐकणाऱ्याला हसू येतं. पुढचा प्रश्न काहीही आला तरी आता त्याच्याकडे सांगायला वीस सायकली आहेत.

काही मुलांच्या घरी सायकल एकच होती आणि ती अब्बांची. सकाळी त्यांच्यासोबत कामावर जायची, रात्री यायची. जुम्म्याला दुपारनंतर ती घरी असे तेव्हा पोरं ती ओढून काढत. सीटपर्यंत पाय पोचत नसे, म्हणून दांडीखालून पाय घालून कैची. काहींनी भाड्याने तासावर घेतलेल्या सायकलवर अमरावतीच्या नेहरू मैदानात चकरा मारल्या. एका तासाचे पैसे तिघांत वाटून घेतलेले असत, म्हणजे वाट्याला वीस मिनिटं आली. परीक्षक कोणत्याही देशातला असो, त्याला ‘कैची’ कळणार नाही, अशी भीती मुलांना वाटते. मग समजावून सांगायची. द बाइक वॉज टू टॉल फॉर मी, सो आय पुट वन लेग अंडर द क्रॉसबार अँड रोड इट स्टँडिंग अप. ज्याला शब्द नाही ते चार शब्दांत समजावता येणं, ही गोष्ट या परीक्षेत चांगल्या शब्दसंपत्तीची खूण मानली जाते.

व्याकरणाची भीती सगळ्यात जास्त. इथे मला मुलांना नेहमी एक गोष्ट दाखवावीशी वाटते. भूतकाळाचे बारकावे आपल्या घरच्या भाषांत आधीच आहेत, ते इंग्रजीतून नव्याने आणायचे नाहीत. ‘मी सायकल चालवायचो’ किंवा ‘मैं चलाया करता था’, ही जुनी सवय. इंग्रजीत ‘आय यूज्ड टु राइड’. ‘मी सायकल चालवत होतो तेवढ्यात कुत्रा आला’, हे ‘आय वॉज रायडिंग’. ‘मी त्या दिवशी सायकल चालवली’, एकदाच झालेली गोष्ट, ‘आय रोड’. आणि ‘दहा वर्षांत सायकलला हात लावलेला नाही’, म्हणजे तेव्हापासून आजपर्यंत, ‘आय हॅवन्ट रिडन अ बाइक फॉर टेन इयर्स’. राइड, रोड, रिडन. ज्याला मराठीत किंवा उर्दूत ‘चालवायचो’ आणि ‘चालवली’ यांतला फरक न शिकवता कळतो, त्याला इंग्रजीतला फरक एका रविवारात कळतो. मात्र त्यासाठी डोक्यात स्वतःची आठवण हवी. लाल सायकलबद्दल सवय कोणती आणि प्रसंग कोणता, हे त्याला कळणार कसं? ती त्याने कधी चालवलेलीच नाही.

काही खड्डे नेहमीचे आहेत. वऱ्हाडात ‘बाइक’ म्हणजे मोटरसायकल. परीक्षक ‘बाइक’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात बहुधा सायकल असते. एका मुलीने या प्रश्नाला भावाच्या मोटरसायकलचं सगळं वर्णन केलं, ॲव्हरेजसकट. ‘सायकल चालवणं’ला मुलं ‘ड्राइव्ह’ म्हणतात. ते ‘राइड’ हवं. सायकलवरून पडलो ते ‘फेल फ्रॉम’ नाही, ‘फेल ऑफ’. ‘डबलसीट’ हा शब्द आपल्याला इंग्रजी वाटतो, पण इंग्लंडच्या माणसाला तो कळेलच असं नाही. ‘माय सिस्टर सॅट ऑन द कॅरिअर बिहाइंड मी’ म्हटलं की चित्र दिसतं. ‘गिफ्टेड मी’पेक्षा साधं ‘गेव्ह मी’ बरं. आणि ‘इन माय चाइल्डहूड’ने प्रत्येक वाक्य सुरू करण्यापेक्षा ‘व्हेन आय वॉज लिटल’ किंवा ‘ॲज अ चाइल्ड’ कानाला हलकं लागतं.

उच्चारांबद्दल पालकांचा मोठा गैरसमज असतो. साहेबासारखा लहेजा कोणी मागत नाही. समोरच्याला सहज कळणं, शब्दावर आणि वाक्यात योग्य जागी जोर देणं, याला गुण आहेत. उर्दू बोलणाऱ्या मुलांना ज़ आणि फ़ घरातूनच मिळतात. ‘लेज़ी’, ‘ईज़ी’ त्यांना सोपं जातं, तर मराठी माध्यमातल्या मुलांना तिथे थोडा सराव करावा लागतो. आपल्या मोहल्ल्याची खोड निराळी. स्कूलचं ‘इस्कूल’, स्टँडचं ‘इस्टँड’, स्पीडचं ‘इस्पीड’. सायकलच्या उत्तरात स्पोक, स्टँड, स्ट्रीट, स्पीड, स्टॉप हे सगळे शब्द येतात, म्हणून ही खोड काढायला हाच विषय उत्तम. आणि ‘बाय-सायकल’ नाही, ‘बायसिकल’. मोटरसायकलमध्ये सायकल आहे, बायसिकलमध्ये ‘सिकल’ आहे, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आता मुलींकडे येतो. एका मुलीने पहिल्याच रविवारी सांगितलं, “सर, मेरे पास तो सायकल थी इच नहीं. मैं क्या बोलूं?” क्लासमध्ये तिला सांगितलं होतं की नाही म्हणू नकोस, उत्तर छोटं होतं, काहीतरी रच. इथे क्लासची चूक साफ आहे. ‘नाही’ हे पूर्ण उत्तर आहे, फक्त तिथेच थांबायचं नाही. पहिल्या भागात दोन-तीन वाक्यांचं उत्तर पुरतं. नव्हती, का नव्हती, मग काय केलं.

मी तिला म्हटलं, जे होतं ते घरच्या भाषेत सांग. ती बोलत गेली. सायकल भाईजानची होती. पुसायचं काम तिचं. दुपारी तो झोपला की ती सायकल मागच्या गल्लीत न्यायची. दोनदा नालीत पडली, घरी सांगितलं पायरीवरून घसरले. अकराव्या वर्षी चांगली येऊ लागली आणि बाराव्या वर्षी बंद झाली. इंग्रजीत ते असं आलं: “नो, आय नेव्हर हॅड वन. माय ब्रदर डिड. आय यूज्ड टु टेक इट आउट व्हाइल ही वॉज अस्लीप. आय गॉट क्वाइट गुड ॲट इट, बट आय स्टॉप्ड व्हेन आय वॉज ट्वेल्व्ह.” ऐकणारा कोणीही विचारेल, का थांबलीस? तिने सांगितलं, “पीपल सेड आय वॉज टू ओल्ड फॉर इट. माय ब्रदर वॉज सिक्स्टीन, अँड ही वॉज नॉट टू ओल्ड.”

पाठ केलेल्या दहा उत्तरांत हे वाक्य सापडणार नाही. ते कोणी तिला शिकवलंही नव्हतं. ती बारा वर्षांची असल्यापासून ते तिच्या मनात होतं. इतकी वर्षं कोणी विचारलं नाही म्हणून ते कोणत्याच भाषेत बाहेर आलं नव्हतं, ना उर्दूत, ना मराठीत. पहिल्यांदा बाहेर आलं ते परीक्षेच्या इंग्रजीत. याचा विचार आपण घरातल्या मोठ्यांनी करायला हवा.

तिसऱ्या भागातले प्रश्न मोठे असतात. लोक सायकल का सोडतात? सरकारने काय करावं? सायकल येणं मुलांसाठी महत्त्वाचं आहे का? इथेही मुलं ‘प्रदूषण कमी होतं, आरोग्य चांगलं राहतं’ या दोन पाट्या लावतात आणि गप्प बसतात. वऱ्हाडच्या माणसाकडे सांगायला त्याहून जास्त आहे. मे २०२४ मध्ये अकोल्यात उष्णतेमुळे जिल्हाधिकाऱ्यांनी कलम १४४ लावलं होतं. ज्या गावात उन्हापायी जमावबंदी लागते, तिथे मे महिन्यात दुपारी सायकलवर कोण निघेल? ‘इट डिपेंड्स ऑन द सीझन’ हे वाक्य आपल्या तोंडी किती खरं आहे! अमरावती ते अकोला या राष्ट्रीय महामार्ग ५३ वर ७५ किलोमीटर एकेरी मार्गिकेचं डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत सलग करून गिनीज विक्रम झाला. ते काम सुरू झालं ३ जून २०२२ च्या सकाळी. ३ जून हा संयुक्त राष्ट्रांनी २०१८ मध्ये ठरवलेला जागतिक सायकल दिन. आणि ३ जूनलाच, २०२० मध्ये, ॲटलस सायकलच्या साहिबाबादच्या कारखान्यात काम बंद झाल्याची नोटीस लागली होती. ज्यांच्या अब्बांनी आयुष्यभर ॲटलसवर ये-जा केली त्या मुलांना रस्ते वेगवान झाले आणि सायकल मागे पडली, हे सांगायला यापेक्षा चांगलं उदाहरण कुठे मिळणार?

मुलींच्या सायकलचा प्रश्न आला तर दोन गोष्टी मी मुलांना आवर्जून सांगतो. तामिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘अरिवोली इयक्कम’ ही साक्षरतेची चळवळ चालू होती. जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी सायकल शिकणं त्या चळवळीला जोडून दिलं. खेड्यापाड्यातल्या हजारो बायका अक्षरांसोबत सायकल शिकल्या आणि त्यांत मुस्लिम तरुणीही होत्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी ते नोंदवून ठेवलं आहे. लिहिता-वाचता येणं आणि कोणाला न विचारता दुसऱ्या गावाला जाता येणं, या दोन गोष्टी त्या बायकांना एकत्र मिळाल्या. दुसरं उदाहरण बिहारचं. २००६ पासून नववीत गेलेल्या मुलींना सायकलसाठी सरकारने पैसे दिले. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला तेव्हा माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढल्याचं आणि मुलगे-मुलींमधलं अंतर ४० टक्क्यांनी घटल्याचं आढळलं. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमातून निवडक तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकल मिळते. आपल्या मोहल्ल्यात अशी आलेली सायकल मुलगी चालवते की भाऊ, हे प्रत्येकाने आपापल्या गल्लीत पाहावं.

यावर क्लासवाल्यांचा एक आक्षेप खरा आहे. ते म्हणतात, कच्च्या मुलाला धरायला काहीतरी लागतं. उर्दू किंवा मराठी माध्यमातून आलेला, घरात कोणी इंग्रजी न बोलणारा मुलगा परीक्षकासमोर गोठून जातो, पाठ असेल तर निदान तोंड तरी उघडतो. मान्य आहे. पण धरायला क्रम द्या, वाक्यं देऊ नका. होती की नव्हती, कोणाची होती, एक प्रसंग, आता काय, एवढे चार खुंट पुरतात. दोरी ज्याची त्याने बांधावी. कच्च्या मुलाला तर याची गरज जास्त आहे, कारण पाठ केलेलं एक वाक्य विसरलं की त्याच्यामागची सगळीच वाक्यं जातात. स्वतःची आठवण मधूनच सुरू केली तरी पुढे चालते.

आपल्या घरांत पाठांतराला मोठा मान आहे आणि तो योग्य आहे. हिफ्ज करणारा मुलगा जेर-जबर न बदलता कलाम जपतो, कारण तिथे शब्द जसाच्या तसा राखणं हीच जबाबदारी आहे. गप्पांचं तसं नाही. घरी आलेल्या पाहुण्याला आपण पाठ करून हालहवाल सांगत नाही. परीक्षकासमोरची पहिली पाच मिनिटं म्हणजे पाहुण्याशी बोलणं, हे मुलांना सांगितलं की त्यांचे खांदे जरा खाली येतात.

पाठांतर आणि सायकल यावरून एक सिनेमा आठवतो. सौदी दिग्दर्शिका हैफा अल-मन्सूर यांचा २०१२ चा ‘वज्दा’. रियाधमधल्या एका मुलीला सायकल हवी असते. पैशासाठी ती शाळेतल्या कुराण पठणाच्या स्पर्धेत उतरते, मेहनतीने आयती पाठ करते आणि जिंकते. बक्षिसाचं काय करणार, असं विचारल्यावर ती खरं सांगते, सायकल घेणार. बक्षीस हातून जातं. तिथे खरं बोलण्याची किंमत तिला मोजावी लागली. आपल्या मुलींना या परीक्षेत खरं बोलण्याची काहीच किंमत मोजावी लागत नाही. तरी आपण त्यांना लाल सायकल देऊन पाठवतो.

रविवारच्या मुलांना मी एक घरचा अभ्यास देतो, तो पालकांनाही करता येईल. इंग्रजीला हात लावायचा नाही. रात्री जेवण झाल्यावर अम्मीला किंवा अब्बांना विचारायचं, तुम्ही सायकल कुठे शिकलात, कोणाची होती, पहिल्यांदा कुठे पडलात. अम्मी ‘मला कोण शिकवणार’ म्हणाली तर तेही ऐकायचं. मग तीच गोष्ट घरच्या बोलीत, घड्याळ लावून, एक मिनिट सलग सांगायची. आणि दुसऱ्या दिवशी तेवढीच इंग्रजीत, कागद न घेता. पहिल्या दिवशी पंधरा सेकंदांत संपते, आठवड्याने एक मिनिट पुरत नाही.

मागच्या रविवारी एका मुलाने आल्या आल्या सांगितलं, त्याच्या आईला सायकल येते. बाळापूरला माहेरी शिकली होती. बावीस वर्षांत हे घरात कोणालाच माहीत नव्हतं.